तळवे उघडे ठेवायचे

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचा! दोन बसगाड्या, एक मालट्रक आणि शेवटचे तीन किलोमीटर पायी. पाठ मोडली, पण मजा आली. ताईने ही वही पिशवीत कोंबताना सांगितलं होतं, रोज चार ओळी लिही, सातवीपर्यंत शिकलास तेवढं तरी अंगात राहू दे. इथे फाटकावरच मोबाईल काढून घेतला, त्यामुळे वहीशिवाय बोलायला कुणी नाही. तर लिहितो.

नोकरी दाजींनी लावली. दाजी सुतार. या प्रशिक्षण केंद्रातली दारं त्यांचा मालक पुरवतो, आणि इथे दारं रोज फुटतात, त्यामुळे मालकाचं बरं चाललंय. दाजी म्हणाले, तुझ्या पायाला भिंगरी. गॅरेजात टिकला नाहीस, गोदामात टिकला नाहीस, माझ्या हाताखाली चार महिन्यांत रंधा टाकून पळालास. आता नुसतं बसायचं काम आहे, ते तरी धड कर. मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाही! माझ्या कागदावर कामाच्या रकान्यात एकच शब्द आहे: बसणारा. बसून खाणारे खूप पाहिले, पण सरकारी शिक्क्यासकट मीच पहिला असेन.

ही पोलिसांची खास तुकडी आहे. अतिरेकी कुठे घुसले, माणसं ओलीस धरली, की यांना पाठवतात. ऐंशी जण शिकायला आले होते, आता बारा उरलेत. सगळे तोंडावर काळी टोपी ओढून असतात, फक्त डोळे दिसतात. तसा नियमच आहे.

खोली चांगली आहे. लोखंडी कॉट, पत्र्याचं कपाट, खिडकीतून धावायचं मैदान दिसतं. कपाटात दोन विजारी ठेवलेल्या होत्या, माझ्याच मापाच्या. गुडघ्यांवर रंग उडून दोन दोन फिकट डाग पडलेत, बाकी धडधाकट. जेवण भरपूर. आचारी म्हातारा आहे, त्याने न मागता दोन अंडी जास्त वाढली. म्हणाला, खा बाबा. मग माझ्या हातांकडे बघून पुन्हा म्हणाला, खा.

मंगळवार, ४ मार्च

आज काम समजलं.

मैदानाच्या टोकाला एक खोटं घर आहे. बाहेरून गोदामासारखं. आत सहा खोल्या, जुने टायर वाळूने भरून रचलेल्या जाड भिंती, त्यांवर रबर. छप्पर नाही, वरून लोखंडी जाळीचा पूल जातो. त्यावर उभा राहून उस्ताद सगळं बघतो. उस्ताद म्हणजे इथला शिकवणारा. चाळिशीचा, बारीक, आवाज कधी चढवत नाही. चढवायची गरजच पडत नसावी.

सगळ्यांत आतल्या खोलीत एक खुर्ची आहे, जमिनीला स्क्रूने पक्की केलेली. ती माझी. माझ्या दोन्ही बाजूंना माणसांचे पुठ्ठे उभे करतात. काहींच्या हातात बंदूक रंगवलेली, काहींच्या हातात छत्री, फोन, पाकीट. बारा जण दाराबाहेर एकामागे एक चिकटून उभे राहतात. शेवटचा पुढच्याचा खांदा दाबतो, तो त्याच्या पुढच्याचा, असं करत दाब पहिल्याच्या खांद्यापर्यंत आला की दार फुटतं. मग चार सेकंदांत सगळं संपलं पाहिजे. बंदूकवाले पुठ्ठे मेले पाहिजेत, मी जिवंत राहिलो पाहिजे.

उस्तादने मला शिकवलं ते एवढंच: दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर, बोटं सरळ. तोंडाने काय वाटेल ते कर. रड, शिव्या घाल, आईची शपथ घे, आपण पोलीसच आहोत म्हण. जितका खरा ओरडशील तितकं चांगलं. ही मुलं ऐकणार नाहीत, कारण अतिरेकीसुद्धा ओलिसासारखं ओरडू शकतो. चेहराही बघणार नाहीत, चेहरा सगळ्यांचा सारखाच घाबरलेला असतो. ही फक्त हात बघतात. उघडा हात म्हणजे माणूस. मिटलेली मूठ म्हणजे बाँबचं बटण. बटण दाबायच्या आत तो माणूस संपला पाहिजे, म्हणून गोळी थेट डोक्यात.

मी विचारलं, गोळी खरी का? उस्ताद म्हणाला, चार आठवडे रंगाची. परीक्षेच्या दिवशी खरी. घाबरू नकोस, हात उघडा असला तर तुझ्यासारखा सुरक्षित माणूस या देशात नाही.

गुरुवार, ६ मार्च

काय धमाल आहे! दार फुटतं, आवाजाचा गोळा फुटतो, कानात शिट्टी वाजते, धूर होतो आणि त्यातून बारा भुतं येतात. मी आज आधी रडलो, मग शिव्या दिल्या, मग सासू मेल्याची बतावणी केली. लग्नच झालेलं नाही, सासू कुठली! उस्ताद वर पुलावरून मान डोलावत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या कामाला मान डोलावली.

कधी कधी तो मुद्दाम माझ्या हातात काहीतरी देतो, कंगवा, किल्ली, कधी काहीच नाही, नुसती मूठ मिटायची. तेव्हा ते मला मारतात. अंगात जाड जाकीट, डोक्याला काचेचं टोपडं, हात मात्र उघडे, कारण ते दिसले पाहिजेत. रंगाची गोळीही लागते चांगलीच. टोपड्यावर बसली की दात वाजतात.

पोरांनी माझं नाव ठेवलंय खुर्ची. खुर्ची आली, खुर्ची जेवली का, खुर्चीला पाय फुटले. हसलो मीही. नव्या माणसाला थोडं सोसावं लागतंच.

सोमवार, १० मार्च

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

जेवणघरात टोप्या वर केलेल्या असतात, तेवढेच त्यांचे चेहरे दिसतात. त्यांच्यातला एक ताडमाड आहे, त्याला सगळे लांब्या म्हणतात. रांगेत तोच पहिला असतो, दार फुटल्यावर पहिली नजर त्याची. तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, काय रे, नवीन दिसतोस, कुठल्या विभागात? सकाळी त्याने मला तीनदा मारलं होतं. आठवडाभर रोज मारतोय. मी म्हणालो, चेष्टा करतोस का लेका? तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग मी ताट सरकवलं आणि दोन्ही तळवे टेबलावर वर करून ठेवले. बाराही जणांचे डोळे खाली वळले, माझ्या हातांवर. लांब्या म्हणाला, अरे, खुर्ची! आणि हसला. हसतानाही वर बघितलं नाही.

संध्याकाळी माझ्या कॉटवर कुणीतरी लाल रंग ओतून ठेवला होता. आचारी म्हणाला, तक्रार करू नकोस, तळवे दाखवायला नको होते, त्यांना जेवताना सराव आवडत नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज उजवा हात मिटला.

नीट लिहितो, म्हणजे मलाच समजेल. खुर्चीत होतो. तळवे उघडे. आज मूठ मिटायची नव्हती, उस्तादने तसं सांगितलंच नव्हतं. बाहेर बुटांचा आवाज थांबला, म्हणजे खांदे दाबायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात माझ्या उजव्या तळव्यावर कुणीतरी हात ठेवला. गार, ओलसर, मोठ्या माणसाचा हात. बोटं माझ्या बोटांमध्ये घातली. दवाखान्यात सुई टोचताना घाबरलेला माणूस शेजारच्याचा धरतो, तसा धरला. आणि आपण काय करतो? आपणही धरतो. विचार न करता माझी बोटं मिटली.

दार फुटलं. अकरा गोळ्या डोक्यात बसल्या. टोपड्याची काच तडकली.

खोलीत पुठ्ठ्यांशिवाय कुणी नव्हतं. उस्ताद वरून म्हणाला, मूठ कुणी मिटायला सांगितली? मी म्हणालो, कुणीतरी हात धरला. तो पोरांकडे वळून म्हणाला, उत्तम, न सांगता मिटली तरी चुकला नाहीत. त्यांची वाहवा झाली. बाराव्याची गोळी का लागली नाही म्हणून त्याला मात्र मैदानाचे वीस फेरे.

सोमवार, १७ मार्च

शुक्रवारीही झालं, आजही झालं. दरवेळी बूट थांबले की मगच. आधी नाही, नंतर नाही.

डॉक्टरकडे गेलो. त्याने बोटं ओढून बघितली, म्हणाला, एकाच जागी तासन्‌तास ताणून बसल्यावर पेटके येणारच, कोमट पाण्यात बुडव. मी म्हणालो, पेटका गार नसतो साहेब, पेटक्याला नखं नसतात. तो कागदावर लिहीत होता. वाचता आलं मला. काम करण्यास योग्य, असं लिहिलं.

दुपारी घर रिकामं असताना खुर्चीमागे भिंतीला ठोकलेली फळी बघितली. दाजींकडे चार महिने काढले ते अगदीच फुकट गेले नाहीत. एका जागी पुट्टी भरून वरून रंग मारलाय. नखाने खरवडलं. बोट जाईल एवढं भोक. मी खुर्चीत बसलो की ते बरोबर माझ्या डोक्याच्या मागे येतं.

रंगाची गोळी फळीला भोक पाडत नाही.

बुधवार, १९ मार्च

आचाऱ्याला पकडलं. आधी विषय बदलत राहिला, मग भाजी चिरता चिरता हळूहळू बोलला.

माझ्याआधी एक बसणारा होता. बडबड्या होता म्हणे, माझ्यासारखाच, जेवणघर हसवायचा. विजारी त्याच्याच. नऊ वर्षांपूर्वी परीक्षेचा दिवस होता, खऱ्या गोळ्या. तळवे उघडे ठेवून बसला होता. शेवटच्या क्षणी मूठ मिटली त्याची. का मिटली ते कुणाला माहीत नाही. घाबरला असेल. घाबरल्यावर माणूस काहीतरी धरायला बघतो, आणि खुर्चीला हातच नाहीत धरायला. रांगेत जो पहिला होता त्याने गोळी घातली. चौकशी झाली. मूठ मिटलेली होती एवढंच विचारलं गेलं. हो, मिटलेली होती. पहिल्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तेव्हापासून पुठ्ठ्यांवरच भागवत होते. यंदा पुन्हा जिवंत माणूस मागवला.

पहिला कोण होता, विचारलं. आचाऱ्याने खिडकीकडे बघितलं. मैदानात उस्ताद उभा होता.

गेलो सरळ त्याच्यापुढे. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. म्हणाला, हो, मीच. आज पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तेच करेन. मी विचारलं, मुठीत काय निघालं? म्हणाला, काही नाही. रिकामी होती. मग माझ्या हातांकडे बघत म्हणाला, चूक हाताची होती, तू तुझे सांभाळ.

शुक्रवार, २१ मार्च

आता फक्त खुर्चीतच येत नाही. आज जेवताना आला. मैदानात पोरं धावत होती, त्यांचे बूट थांबले आणि माझ्या हातातला पाव गळून पडला, कारण हात दुसऱ्याने धरला होता.

एक गोष्ट सापडली. लिहीत असलो की येत नाही. पेन बोटांत असलं की त्याला जागाच मिळत नाही. काल दुपारपासून ताडून बघतोय. पेन खाली ठेवलं की पाच मिनिटांत गार लागतं. पेन उचललं की जातं. म्हणून ताई, आता रोज चार ओळींवर भागणार नाही. तू म्हणायचीस, लिहायचा कंटाळा. बघ, आता कसा लिहितोय.

लांब्याला सांगितलं सगळं. चेष्टा करेल वाटलं. ऐकून घेतलं त्याने, माझ्या हातांकडे बघत. परीक्षेत पहिला तोच आहे. म्हणालो, त्या दिवशी फक्त एकदा वर बघ, माझ्या तोंडाकडे, मी नाही म्हणून मान हलवीन. तो म्हणाला, तोंडाकडे बघणारे अडुसष्ट जण घरी गेले. मी नाही जाणार.

सोमवार, २४ मार्च

पळून जायचं ठरवलं. त्यात मी तरबेज. पिशवी भरून फाटकावर गेलो. पहारेकऱ्याने आधी हात दाखव म्हणून सांगितलं. दाखवले. मग म्हणाला, उस्तादच्या सहीशिवाय कुणी बाहेर जात नाही, सही परीक्षेनंतर.

मैदानावर उस्तादच्या पाया पडलो. खरंच पडलो. जाऊ द्या म्हणालो, हात माझा राहिलेला नाही, पुठ्ठा ठेवा माझ्या जागी. तो म्हणाला, पुठ्ठा श्वास घेत नाही, पोरांना कळतं. मी रडायला लागलो. नाक गळेपर्यंत रडलो. त्याने बारा जणांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, नीट ऐका, खरा ओलीस असा रडतो, आणि तरीही कुठे बघायचं?

हात, म्हणाले बाराही.

मग टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच वाईट. तीन आठवडे मी इतकं छान खोटं रडलो, की आता माझ्याकडे खरं रडणं शिल्लकच नाही.

ताईला चिठ्ठी लिहून आचाऱ्याकडे दिली होती, भाजीच्या गाडीतून पाठव म्हणून. संध्याकाळी ती जेवणघराच्या फळ्यावर लावलेली होती. कुणीतरी शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं लाल रंगाने.

बुधवार, २६ मार्च

उजव्या तळव्याला फळीचा तुकडा बांधला, बोटं सरळ राहावीत म्हणून. उस्तादने ओढून काढला. हाताला बांधलेलं काहीही म्हणजे संशय, म्हणाला, पोरं तेवढ्यावरही मारतील. हातमोजे नाहीत. मलमपट्टी नाही. उघडा, रिकामा, स्वच्छ हात.

बिजागरीत बोटं घालून दार लावून घ्यावं असं मनात आलं. मोडलेली बोटं मिटणार नाहीत. दारापर्यंत गेलो. घातली बोटं. डाव्या हाताने दार ओढायला गेलो तर—

उजवा हात आतून कुणीतरी मागे खेचला. हळूच. आई पोराचा खेचते तसा.

त्याला माझा हात धड हवाय.

गुरुवार, २७ मार्च

तीन वेळा सराव. तीन वेळा मिटली. छत्तीस गोळ्या.

तो ओढत नाही, धरून ठेवतो. आज मला त्याचं थरथरणं कळलं. तोही घाबरलाय. नऊ वर्षं बूट थांबतायत आणि नऊ वर्षं तो घाबरतोय. मी म्हणालो, सोड ना बाबा, मी तुझं काय वाकडं केलं? तर आणखी घट्ट.

वर पुलावर उस्ताद म्हणाला, आज कुणाशी बोलत होतास? छान होतं.

शुक्रवार, २८ मार्च

परीक्षा सोमवारी, सकाळी नऊला. फळ्यावर लागलंय. माझ्या चिठ्ठीच्या शेजारी.

जेवलो नाही. पेन सोडून जेवता येत नाही. डाव्या हाताने जमत नाही. आचाऱ्याने घास भरवायला बघितलं, मग त्यालाच रडू आलं, तो आत गेला. त्याने मागच्यालाही भरवलं असेल का—विचारलं नाही.

शनिवार, २९ मार्च

पेन चालू आहे तोवर ठीक. काहीही लिहितो. ताई. दाजी. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक—

थांबलो होतो. आठवत नव्हतं. तेवढ्यात आला.

एकवीस. सात त्रिक एकवीस.

लांब्या दारावरून गेला. हाक मारली. त्याने पेन बघितलं आणि त्याचा हात कमरेकडे गेला. कमरेला काही नव्हतं. तो हसलाही नाही.

रविवार

आचाऱ्याने दोन पेनं आणून दिली. म्हणाला, उद्या हात त्याच्या हाती देऊ नकोस. म्हणजे याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून जास्तीची अंडी—

म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, त्याला नऊ वर्षं कुणीच नव्हतं रे.

त्याला. कोण होता हा आचाऱ्याचा? विचारलं. कांदा चिरत राहिला. मग म्हणाला, मुलगा.

सोमवार, ३१

साडेआठ. खुर्चीत आहे. दोघांनी बगलेत हात घालून आणलं. ओरडलो. एक जण म्हणाला, आजही काय झक्कास ओरडतोय खुर्ची. पायांना पट्टे. हात मोकळे, ते मोकळेच लागतात.

टोपडं नाही आज. खऱ्या गोळीपुढे त्याचा काय उपयोग.

वही शर्टातून काढली. उस्ताद म्हणाला, शिट्टी होईपर्यंत लिही हवं तर, शिट्टी झाली की खाली टाक आणि तळवे वर. शिट्टीनंतर वीस मोजायचे, मग दार. वीस पुरतात. पेन टाकायला एक लागतो. उरले एकोणीस. एकोणीस हात उघडा ठेवायचा. एवढंच. एवढंच करायचंय ताई.

डावीकडे बंदूकवाला पुठ्ठा. उजवीकडे छत्रीवाली बाई. बाईचा हात उघडा रंगवलाय. किती सोपं तिला.

आठ पन्नास. बाहेर बूट. अजून चालतायत. चालत राहा रे.

सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात सक—

शिट्टी.

टाकतो.

पेन पडत नाही. बोटं सुटत नाहीत—बोटांवर बोटं आहेत. पेनासकट धरलंय त्याने. माझी चार आणि वर चार. त्याला जागा नसते असं वाटलं होतं, तो नुसता वाट बघत—

वर ओरडलो थांबवा. उस्तादने मान डोलावली.

डाव्याने ओढतोय. निघत नाही. काळं पेन, मिटलेली मूठ, लांबून बघितलं तर काय दिसेल

बूट थांबले

खांदे दाबतायत आता एक एक

लांब्या वर बघ हात नको बघूस वर इथे माझ्या तोंडाक